मुदतठेव मोडून अमेरिकेची मोटर मागवावी का?

प्रश्न: डिचोलीत माझे सुतारकामाचे वर्कशॉप आहे. बोटीवर असलेल्या भावाने अमेरिकेतून बँडसॉ (पट्ट्याची करवत) पाठवला. त्याची १२० व्होल्टची मोटर पोराने सरळ आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवर लावली आणि ती जळाली. तशीच मोटर कुरियर, ड्युटी धरून ४२,०००ला पडते आणि यायला दीड महिना लागतो. ट्रान्स्फॉर्मरचे ९,००० वेगळे. रिवाइंडिंगवाला ६,५०० सांगतो, पण मला ते जुगाड वाटते. चवथीच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. एक लाखाची मुदतठेव मोडू का?

उत्तर: ठेव मोडू नका आणि ती मोटरही मागवू नका.

५१,००० घालून तुम्हाला काय मिळणार ते आधी बघा. ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, बदलत नाही; आणि मोटरचा वेग त्यांवरच ठरतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे तिथे मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर इथे १४४०च्या आसपासच फिरणार, शिवाय जास्त तापणार. त्यात उद्या कोणी ट्रान्स्फॉर्मर चुकवून प्लग लावला, की पुन्हा तेच.

रिवाइंडिंगला जुगाड का म्हणता? चांगला कारागीर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या हिशेबाने मोटरमध्ये तारेचे नवे वेढे भरतो, मग ट्रान्स्फॉर्मरची गरजच संपते. शाफ्ट, पुली, बैठक आहे तशीच राहते. हा फायदा लहान नाही. अमेरिकन शाफ्ट इंची मापाचा असतो, त्यामुळे बाजारातली मोटर आणली तर पुली आणि पाया दोन्ही नव्याने करावे लागतात. पाते सहाव्या हिश्श्याने सावकाश फिरेल; सागवान, फणस कापायला अडचण नाही.

मात्र त्याला रोटर (आतला फिरणारा भाग) आणि स्टॅम्पिंग (वेढे बसतात त्या पोलादी चकत्या) तपासायला सांगा. ती करपली असतील तर इथलीच नवी मोटर बसवा. बेअरिंग आणि कपॅसिटर नवेच घाला. मशीनवरचा स्विच, दिवा, स्टार्टरची कॉइल हेही १२०चे असू शकते; ते तसेच ठेवून चालू केले तर ६,५०० पाण्यात. गॅरंटी बिलावर लिहून घ्या.

आता पैसे. चवथीच्या ऑर्डरींचा ॲडव्हान्स हा लाकडाचा पैसा आहे, त्याला हात लावू नका. गल्ल्यात ६,५०० नसतील तर ठेवीवरच कर्ज घ्या. बँका साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. १०,००० उचलून चार महिन्यांत फेडले, तर ९ टक्क्यांनी व्याज ३०० रुपये. विम्याची आशा धरू नका, आगीच्या साध्या पॉलिसीत जादा व्होल्टने जळालेले यंत्र सहसा बसत नाही. वीज खात्याकडेही जाण्यात अर्थ नाही, त्यांनी २३०च दिले होते!

पुढे खरोखरच यंत्र घ्यायचे झाले, तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. पहिल्या टप्प्यात तारणाशिवाय एक लाखापर्यंत कर्ज, ५ टक्के व्याज, १८ महिन्यांची मुदत. घरातल्या एकालाच मिळते, तेव्हा नाव कोणाचे घालायचे ते आधी ठरवा. आणि यंत्र घेताना प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, भाऊ फुकट पाठवत असला तरी.