गजर बंद करण्याआधी

अगं, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या तुझ्या बाळाला पाजायला दर तीन तासांनी लावलेल्या गजराने तू किती थकली असशील, आणि तो आता बंद करावासा वाटतोय, ते मला कळतं. पण घड्याळ एका रात्रीत सोडू नकोस. वजन नीट वाढतंय का, आता बाळाच्या भुकेवर सोपवायचं का, हे आधी बालरोगतज्ज्ञांना विचार. पूर्ण दिवसांचं बाळ भूक लागली की उठतं. लवकर आलेलं लेकरू भुकेलं असूनही झोपून राहतं. तो गजर त्यासाठीच होता.

माझी लेक ३२ व्या आठवड्यातच जन्मली. घरी आणली तेव्हा पंचवटीत कडाक्याची थंडी होती. अंगाची ऊब टिकवण्यातच तिची ताकद जायची, म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं वेळापत्रक आणखी काही दिवस ठेवायला सांगितलं. मग आम्ही सुरुवात दिवसा केली. अडीच तास झाले की मी तिच्याजवळच बसायचे. ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं, हीच तिची हाक. रडेपर्यंत थांबू नकोस. रडून दमलेलं बाळ चार घोट घेऊन झोपतं. रात्री डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेपलीकडे मात्र झोपू देऊ नकोस. दुपटं सोड, लंगोट बदल, उघड्या छातीशी धर.

दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. वजन दर वेळी एकाच काट्यावर कर. घरात कुणी गुटी किंवा पाणी पाजायला सांगितलं, तर ठाम नाही म्हण. पाजताना ओठ निळसर पडले, श्वास अडखळला किंवा उठवूनही बाळ उठेना, तर सकाळची वाट पाहू नकोस, लगेच दवाखाना गाठ.