कासामध्ये इन्प-गो, स्क्रिप्ट की नोटबुक? जीएमआरटीचा डेटा पहिल्यांदाच प्रोसेस करताना काय वापरावं?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीचा बँड-४ चा डेटा मिळालाय, तो प्रोसेस करायचं सॉफ्टवेअर कासा इन्स्टॉल झालंय, पण ते चालवायचे इतके मार्ग आहेत की सुरुवात कुठून करावी कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात इन्प-गोनेच करा, म्हणजे कासाच्या प्रॉम्प्टवर ‘इन्प’ने पॅरामीटर बघून भरायचे आणि ‘गो’ने टास्क चालवायचा. ‘इन्प टीक्लीन’ (टीक्लीन हा प्रतिमा बनवणारा टास्क) म्हटलं की सगळे पॅरामीटर समोर येतात, चुकीचं काही भरलं तर ते लाल दिसतं. टास्क शिकायला हीच जागा चांगली. फक्त एक लक्षात ठेवा: इथे भरलेलं ग्लोबल राहतं. ३सी२८६ या कॅलिब्रेटरसाठी (मापं जुळवायला वापरायचा ओळखीचा स्रोत) ‘फील्ड’, म्हणजे कुठल्या स्रोतावर काम करायचं ते, भरलंत आणि पुढच्या टास्कला ‘डीफॉल्ट’ दिलं नाहीत, तर तोही मुकाट त्याच फील्डवर चालतो. टास्क फंक्शन म्हणून बोलावला की ही भानगड उरत नाही. म्हणून टास्क ओळखीचे झाले की लॉग उघडा, तिथे लिहिलेला प्रत्येक टास्कचा पूर्ण कॉल उचला आणि स्क्रिप्टमध्ये टाका. पुढचं सगळं काम त्या स्क्रिप्टमधूनच व्हायला हवं.

प्लॉटएमएस, म्हणजे डेटाचे आलेख दाखवणारा टास्क, टाळू नका. बँड-४ च्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झमध्ये मोबाइलचेही सिग्नल येतात, आणि ते डोळ्यांनी बघावेच लागतात. पण तिथे चौकट आखून थेट फ्लॅग करायची (खराब बिंदू बाद ठरवायची) जी सोय आहे ती वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो. ते फ्लॅग सरळ मेझरमेंट सेटमध्ये, म्हणजे डेटा साठवलेल्या जागीच, जातात. अनडू नाही, आपोआप बॅकअप नाही. चौकट आखा आणि ‘लोकेट’ दाबा. त्या बिंदूंचं स्कॅन, वेळ, बेसलाइन (अँटेनांची जोडी), चॅनल लॉगमध्ये येतं. समजा सगळीकडे डब्ल्यू०६ दिसतोय, म्हणजे पश्चिम भुजेच्या टोकाचा अँटेना, आणि तोही एकाच स्कॅनमध्ये. मग स्क्रिप्टमध्ये फ्लॅगडेटाची एक ओळ लिहा: अँटेना डब्ल्यू०६, अमुक स्कॅन, शेजारी कारणाची कॉमेंट. फ्लॅगडेटा आधीच्या फ्लॅगांचा बॅकअप स्वतःच घेतो. ‘हा अँटेना का काढला?’ असं गाईडने विचारलं की ती ओळ दाखवा. कॅलिब्रेशन पहिल्यापासून करावं लागतंच, तेव्हाही तीच ओळ कामी येते.

पिपने बसणारी कासाटास्क्स मॉड्यूलं नंतर घ्या. अ‍ॅस्ट्रोपायसोबत एकाच पायथनमध्ये काम करता येतं हे खरंच सोयीचं आहे, पण पायथनची आवृत्ती जुळवावी लागते. शिवाय नोटबुकमध्ये सेल मागेपुढे चालवले जातात. त्याच इमेजनेमने टीक्लीन पुन्हा चालवलं तर ते नव्याने सुरू होत नाही, आधीच्या मॉडेलवरून पुढे जातं. सेल्फ-कॅलमध्ये, म्हणजे स्रोताच्याच प्रतिमेवरून पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करताना, हे फार महागात पडतं.

स्क्रिप्टचा नमुना हवा असेल तर एनसीआरएमधली (जीएमआरटी चालवणारी पुण्यातली संस्था) ‘कॅप्चर’ पाइपलाइन उघडून वाचा, ती कासाचेच टास्क वापरते. पण तुमचा डेटा तिच्यात घालण्याआधी निदान एक कॅलिब्रेटर स्वतः करून बघा.