कुत्री कुठेही जाणार नाहीत, एजंटने वेळ पाळावी

"ताई, नवऱ्याची बदली पुण्याला झाली, तो मार्चपासून तिकडेच आहे. कुर्टीतलं आमचं रो-हाऊस विकायला काढलंय आणि मी, आठवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि दोन कुत्री अजून त्याच घरात राहतोय. एजंट गेटवरून फोन करतो, 'वहिनी, पार्टी घेऊन आलोय.' इकडे कुकर लावलेला, मुलाचा अभ्यास पसरलेला, शेरू भुंकून घर डोक्यावर घेतो. परवा एका बाईंनी चक्क माझं कपड्यांचं कपाट उघडलं. एजंट म्हणतो, विक्री होईपर्यंत कुत्री गावी पाठवा. नवरा फोनवरून म्हणतो, थोडे दिवस सोस. मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. पाठवू का कुत्री?" – एक वाचक, फोंडा

नको पाठवूस. शेरू आठवडाभर गावी राहील गं, पण तुझा मुलगा त्यातून काय समजेल? विक्रीच्या आड जो येतो त्याला घरातून काढतात. मुलगी तर ते आधीच समजून बसली असणार, म्हणूनच बोलत नाही.

आता तुझ्या पत्रात मला खटकलं ते सांगते. एजंट ठरवतो, नवरा ठरवतो आणि तू सोसतेस. बाई, तू गोव्यात आहेस! इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक असते. घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी तुझ्या संमतीशिवाय ते विकता येत नाही. विक्रीखतावर तुझी सही लागणार हे एजंटलाही पक्कं ठाऊक आहे. तुमचं लग्न गोव्यात नोंदवलेलं असेल तर ही सही तुझ्या हातात आहे. लग्न बाहेर नोंदवलं असेल तर वकिलाला एकदा विचार. भांडायची गरज नाही, पण घर कधी दाखवायचं हे तू सांगायचंस आणि त्यांनी ऐकायचं.

आठवड्यातल्या दोन वेळा ठरव. शनिवारी सकाळी दहा ते बारा आणि बुधवारी संध्याकाळी एक तास, असं काहीतरी. आदल्या दिवशी फोन नाही तर दार उघडायचं नाही. गिऱ्हाईक निसटेल म्हणून एजंट घाबरवेल. ज्याला घर खरंच घ्यायचंय तो शनिवारपर्यंत थांबतो. फोंड्यात तर मंगेशी-शांतादुर्गा करून येता येता घर बघणारे पुष्कळ. त्यांना आधी व्हिडिओवर घर दाखवायला सांग. घरपट्टीची पावती, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (घर राहायला योग्य असल्याचा दाखला), आधीचं विक्रीखत, बोजा नसल्याचा दाखला अशी कागदांची एक फाईल एजंटकडे देऊन ठेव. कागद वाचून जो येतो, तोच दाराशी यावा. निम्मी वर्दळ इथेच थांबेल. आणि कपाटं उघडायची नाहीत हे दारातच सांगायचं. भिंतीतलं कपाट घराबरोबर जाणार असेल तर तू स्वतः उघडून दाखव.

त्या दोन वेळी कुत्री घराबाहेर. शेजारची एखादी ओळखीची मुलं फिरवतील, किंवा मुलगीच दोघांना घेऊन कोपऱ्यापर्यंत जाईल. तिला त्या परक्या माणसांसमोर उभंही राहावं लागणार नाही. बंद गाडीत मात्र ठेवू नकोस, आपल्याकडच्या उन्हात काच थोडी खाली असली तरी गाडी भट्टीसारखी तापते. गच्चीवर कोंडलंस तर शेरू तिथून भुंकेल आणि बघणाऱ्याला वाटेल शेजाऱ्यांचं कुत्रं त्रासदायक आहे!

वासाचं बोलायलाच हवं, कारण आपल्याला आपल्या घरचा वास येत नाही. पावसात ओलं कुत्रं आणि भिंतीची बुरशी एकत्र झाली की बाहेरच्याला दारातच कळतं. त्यावर फिनाईल ओतू नकोस. कुत्र्यांनी ते चाटलं तर अपाय होतो, आणि नको तेवढ्या फिनाईलचा वास आला की गिऱ्हाईक काय झाकलंय ते शोधायला लागतं. कुत्र्यांची अंथरुणं आणि सोफ्याची कव्हरं दर आठवड्याला धू, लघवीचे डाग पाणी-व्हिनेगरने पुस (संगमरवरावर व्हिनेगर नको हं), आणि एखाद्या मैत्रिणीला दारात उभं करून खरं सांगायला लाव. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे असतील तर सुताराकडून पॉलिश करून घे. किरकोळ खर्च, पण बघणाऱ्याची नजर तिथेच अडते.

मुलाने पाहुण्यांना "आमच्या बेडरूममध्ये पाणी ठिबकतं" असं सांगितलं तर रागावू नकोस. सांगेलच तो. माहीत असलेला दोष लपवून घर विकता येत नाही, पुढे वाद कोर्टात जातो. पावसाळ्यात गळतं ते दुरुस्त कर, नाहीतर किमतीत धर.

मुलांची चित्रं भिंतीवर राहू देत. जाहिरातीच्या फोटोंतून मात्र मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक काढून टाक. एजंटने फोटो आधीच टाकले असतील तर आजच बदलायला लाव. आणि मुलीला एकदा समोर बसवून सगळं सांग: केव्हा जायचं, कुठल्या शाळेत, कुत्री सोबत येणार. तिला माहीत नसलेली एकही गोष्ट तिने एजंटच्या तोंडून ऐकता कामा नये.

टोकन घेताना ताब्याची तारीख तुझ्या सोयीची लिहून घे. वार्षिक परीक्षा झाल्यावर, किंवा गणपतीची चवथ या घरात करायची असेल तर चवथीनंतर. एजंट 'ते बघू नंतर' म्हणेल, पण करारावर सही करण्याआधीच ते ठरतं.

आणि नवऱ्याला आज एकच काम दे. पुण्यात भाड्याचं घर बघताना मालकाला पहिल्या फोनवरच दोन कुत्री असल्याचं सांगायचं. सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. पण घरमालक नको म्हणू शकतो, आणि ते सामान टेम्पोत चढल्यावर कळलं तर पंचाईत होईल.