पोपट भिजला, आता सुकवायचा कसा?

नागपुरात पहाटेचा पारा घसरला की पक्ष्यांची डॉक्टर म्हणून माझ्याकडे येणारे प्रश्नही बदलतात. उन्हाळ्यात लोक विचारतात, पोपटाला रोज अंघोळ घालू का? डिसेंबरात विचारतात, घातली खरी, आता सुकवू कशी? फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून या वेळचे सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. बहुतेक पत्रे कॉकाटील, लव्हबर्ड, बजरीगर, कोन्युर आणि आफ्रिकन ग्रे या पोपटांच्या जाती पाळणाऱ्यांची आहेत.

अंघोळीनंतर पोपटाला पुसावे लागते का? (मानेवाडा)

नाही. त्याला अंग झटकू द्या, पंखा बंद ठेवा आणि लांब बसा.

आमचा कॉकाटील अंघोळीनंतर थरथरतो. मी त्याला टॉवेलमध्ये गच्च गुंडाळून मांडीवर घेते, तरी थरथर थांबत नाही. (त्रिमूर्तीनगर)

ताई, आधी तो टॉवेल सैल करा. आपल्या छाती आणि पोटामध्ये जो स्नायूंचा पडदा असतो, तसा पक्ष्याला नसतो. त्याचे छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच श्वास आत-बाहेर होतो. छाती आवळली की नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो, आणि हे इतके गुपचूप होते की मांडीवर शांत झोपला आहे असे वाटते. टर्किश टॉवेल तर नकोच, त्याच्या धाग्यांच्या फासांत नखे अडकतात आणि पक्षी हिसका देतो तेव्हा नख उपटते किंवा पाय मुरगळतो. जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा घ्या, पिसांच्या दिशेने हलकेच टेकवा, पाणी टिपा. चोळू नका. प्रत्येक पिसाचे केस बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, चोळले की ते सुटतात आणि मग त्याला दिवसभर चोचीने ते पुन्हा बसवावे लागतात.

थोडी थरथर हे आजारपण नव्हे, ती अंगात ऊब तयार करण्याची धडपड असते. पिसे कोरडी होत गेली की थांबते. तासाभरानंतरही थरथरत असेल, फुगून डोळे मिटून बसत असेल, तर मात्र मला किंवा पक्षी तपासणाऱ्या कुठल्याही पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवा.

हेअर ड्रायर 'लो'वर ठेवून हातभर अंतरावरून फिरवला तर चालतो, असे व्हिडिओत दाखवतात. आमच्या लव्हबर्डला तर तो आवडतो. (धरमपेठ)

आवडतो म्हणजे काय, तर पंख पसरून उभा राहतो. पंख पसरून, चोच उघडी ठेवून उभे राहणे हे बऱ्याचदा उकाडा असह्य झाल्याचे लक्षण असते. पक्ष्याला घाम येत नाही. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच 40 अंश सेल्सिअसच्या पुढे असते, म्हणजे आपण ज्याला सणकून ताप म्हणतो तिथून त्याचे आयुष्य सुरू होते. त्यावर गरम झोत सोडला तर त्याच्याकडे धापा टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही. तुम्ही स्वतःच्या तळव्यावर हवा घेऊन 'एवढी गरम नाही' असे ठरवता, पण त्याची कातडी तुमच्या तळव्याहून कितीतरी पातळ असते. माझ्याकडे एक कॉकाटील आला होता. पायाची बोटे सुजलेली, पंखाखालचा उघडा भाग लालभडक. घरच्यांना वाटले, मुंगी चावली. चौकशी केली तेव्हा ड्रायर निघाला.

भाजणे निदान दिसते तरी. मला झोप लागू देत नाही ती दुसरी गोष्ट, हवा. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि त्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने, सतत वाहत राहते. आपल्यासारखी ती आत येऊन त्याच वाटेने परत जात नाही. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू भरभर मिळावा म्हणून ही व्यवस्था. पण जी व्यवस्था प्राणवायू झपाट्याने रक्तात पोचवते, तीच विषारी वायूही तितक्याच झपाट्याने पोचवते. कोळसा खाणीत कॅनरी पक्षी नेत ते उगीच नव्हे.

आता ड्रायरकडे या. काही ड्रायर, रूम हीटर आणि इस्त्र्यांच्या तापणाऱ्या भागांवर टेफ्लॉनसारखा न चिकटणारा लेप असतो. हा लेप साधारण 260 अंशांच्या वर तापला की त्यातून निघणारे वायू पक्ष्याच्या फुप्फुसाला जाळतात. माणसाला कधी कधी वासही येत नाही. पक्षी काही मिनिटांत दांडीवरून खाली कोसळतो, किंवा रात्रभर धापा टाकून सकाळी जातो. यावर उतारा नाही. ताज्या हवेत नेणे, प्राणवायू देणे, नशीब असेल तर वाचणे. खोक्यावर 'सिरॅमिक', 'आयोनिक', 'सॅलॉन फिनिश' असले शब्द मोठ्या अक्षरांत असतात, पण आत कशावर कसला लेप आहे हे छापलेले मी क्वचितच पाहिले आहे. दुकानदाराला विचारा, तो बिनदिक्कत 'सेफ है भाऊ' म्हणेल. नवा हीटर पहिल्यांदा लावला आणि संध्याकाळी पिंजऱ्यातले दोन्ही बजरीगर मेले, अशी केस माझ्याकडे आली आहे. घरातल्या कुणाला साधा खोकलासुद्धा झाला नव्हता. हाच लेप तुमच्या डोशाच्या तव्यावरही असतो. रिकामा तवा गॅसवर राहिला आणि पिंजरा स्वयंपाकघरात असला, की तेच.

म्हणून माझे उत्तर: ड्रायर नाही. लो नाही, कूल नाही, हातभर अंतरावरूनही नाही. आजारी किंवा तेलकट झालेल्या पक्ष्याला खरोखर लवकर सुकवायची वेळ आली, तर ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली होऊ द्या.

मग करायचे काय? हिवाळ्यात अंघोळ सकाळी दहा-अकराच्या सुमारास, खोलीच्या तापमानाच्या साध्या पाण्याने. नखशिखांत भिजवायची गरज नाही, फवाऱ्याच्या बाटलीने वरून हलका शिडकावा केला तरी पुरते. दारे-खिडक्या बंद. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे उकडले तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. मग तो स्वतः कसा सुकतो ते बघा. आधी अंग झटकतो, पंख जरा खाली सोडतो, मग मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीवर चोच घासतो आणि एकेक पीस चोचीतून अलगद ओढत नीट बसवतो. कॉकाटील आणि ग्रे यांच्या अंगावर पांढरी पावडरही असते, तीही पिसांवर पसरते. बजरीगर अर्ध्या-पाऊण तासात कोरडा होतो, ग्रेला दीड-दोन तास लागू शकतात. ओल्या पिसांवरच ही साफसफाई चांगली होते, ती ड्रायरने पाच मिनिटांत उरकून टाकण्यात काय साधते, मला अजून कुणी सांगितलेले नाही.

सासूबाई म्हणतात, बाळाला अंघोळीनंतर सिगडीवर ओवा-लोबान टाकून धुरी देतात तशी पोपटाला दिली की तो खडखडीत वाळतो. (महाल)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सिगडी अंगणात नेऊन विझवा. वरचे उत्तर वाचले असेल तर कारण कळलेच असेल. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो माणसांनाही मारतो, शंभर ग्रॅमच्या पक्ष्याची काय कथा! (आणि बाळाच्या धुरीबद्दलही एकदा बालरोगतज्ज्ञांना विचाराच.) उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, सगळे याच यादीत. बाथरूम उबदार असते म्हणून गॅस गीझर चालू असताना पिंजरा तिथे नेऊन ठेवणारेही भेटतात. त्या बंद बाथरूममध्ये खुद्द माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तरी पिंजरा जातोच.

उन्हात ठेवला तर? (सक्करदरा)

हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन उत्तम, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून आणि तुम्ही शेजारी बसून. मांजर, माकड आणि घार यांना तुमची वेळ माहीत असते. काचेच्या खिडकीआडचे ऊन ऊब देते, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते, तेव्हा दोन्ही एक समजू नका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत, मात्र गच्चीवर पिंजरा नेणे म्हणजे जीव घेणे. 45 अंशांच्या दुपारी तापलेल्या तारांवर त्याचे पाय असतात.

उन्हाळ्यात अंघोळीनंतर पिंजरा कूलरसमोर ठेवतो. चालते ना? (जरीपटका)

कूलर असलेल्या खोलीत चालते, झोतासमोर नाही. त्याहून महत्त्वाचे: कूलरच्या मागच्या वर्षीच्या गवताच्या ताट्या काढून फेकल्या का? ओल्या राहिलेल्या, कुबट वासाच्या ताट्यांमध्ये अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि कूलर तिचे बीजाणू खोलीभर उडवतो. पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत ती रुजली की उपचार महिनोन् महिने चालतात आणि यश येईलच असे सांगता येत नाही. आफ्रिकन ग्रे या आजाराला विशेष बळी पडतो. आवाज बदलला, बोलणारा पक्षी गप्प झाला किंवा थोडेसे उडून दमू लागला, तर ताट्या बदलत बसू नका, आधी तपासणी.

पेट शॉपमधून पक्ष्यांचा शाम्पू, 'फेदर शाइन' स्प्रे आणि एक छोटा 'बर्ड ड्रायर' घेतला. कोणत्या क्रमाने वापरू? (हिंगणा रोड)

बिल असेल तर परत करा. निरोगी पोपटाला अंघोळीसाठी स्वच्छ पाणी लागते, बस्स. शाम्पू त्याचे नैसर्गिक तेल धुऊन नेतो, मग पिसे पाणी झटकत नाहीत आणि तो जास्त वेळ ओला राहतो. तो ओला राहतो म्हणून ड्रायर विकला जातो आणि रखरखीत झाला म्हणून शाइन स्प्रे. धंदा चोख आहे! त्याच ओघात सांगते, अंघोळीनंतर खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळण्याचा घरगुती उपायही नको. तेलाने पिसे चिकटली की त्यांच्यात ऊब धरणारी हवा राहत नाही. हळदीचे, कडुलिंबाचे पाणीही मनाने घालू नका. पिसे खरोखरच निस्तेज असतील तर कारण बहुतेक वेळा फक्त सूर्यफुलाच्या बियांवर वाढवण्यात असते. पक्षी आणि त्याच्या खाण्याची यादी, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

रात्री अंघोळ? (कामठी)

नको.

परवा अंघोळ घातल्यापासून लव्हबर्ड फुगून बसतो, शेपटी वर-खाली हलते, थोडे खातो. दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळी पावडर दिली, शेजारी म्हणतात दोन थेंब ब्रँडी पाजा. आणखी दोन दिवस वाट पाहावी का? (वाडी)

नाही! हे पत्र मला मिळाले तेव्हाच ते दोन दिवस होऊन गेले होते. रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, म्हणून पक्षी आजार लपवतो. तुम्हाला दिसतो आहे याचा अर्थ लपवण्याइतकी ताकद उरलेली नाही. श्वासागणिक शेपटी हलणे म्हणजे श्वासासाठी चाललेली झुंज. अंघोळीने हे झाले असेलच असे नाही, अनेकदा आजार आधीच असतो आणि गारव्याने उघडा पडतो. आजारी पक्षी पाणी कमी पितो, मग पाण्यातले औषध किती पोटात गेले ते कुणाला ठाऊक? शिवाय अँटिबायोटिक अंदाजाने दिले की नेमका जंतू शोधणे अवघड होते. ब्रँडी तर विष आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत खोक्यात ऊब द्या, 28 ते 30 अंशांच्या आसपास, झाकण जरा उघडे, आणि पिंजऱ्याच्या तळाचा विष्ठेसकट कागद सोबत आणा. तो कागद तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त बोलतो. पक्षी बघणारा डॉक्टर जवळ नसेल तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात न्या. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर बरा झाल्यावर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. पिसांच्या आड उतरलेले वजन डोळ्यांना दिसत नाही.

पावसात भिजलेले हिरव्या पोपटाचे पिल्लू गच्चीत सापडले होते. ड्रायर न वापरता कसे सुकवायचे होते? मुलांना ते पाळायचे होते. (प्रतापनगर)

भोके पाडलेल्या खोक्यात कोरडे सुती कापड, अंधार, शांतता आणि बाहेरून ऊब. एवढेच. तोंडात पाणी, दूध, भिजवलेली पोळी काही घालायचे नाही, गार पडलेल्या पिल्लाच्या श्वासनलिकेत ते जाते. आणि लगेच वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन. सेमिनरी हिल्सवरच वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, रानटी पक्षी-प्राण्यांवर तिथे उपचार होतात. मुलांना सांगा, कीर असो की करण पोपट, आपला देशी पोपट घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 'आमच्या आजोबांकडे होता' हे उत्तर वन अधिकारी ऐकून घेत नाहीत.

आमचा कोन्युर पाण्याजवळच जात नाही. धरून भिजवावा का? (नंदनवन)

धरू नका. उथळ बशीत पाणी ठेवा, ओली कोथिंबीर पिंजऱ्याला टांगा, बरेच पक्षी तिच्यावर अंग घासून आपापली अंघोळ उरकतात. आधी करायचा आणि आता अचानक सोडली असेल, तर दाखवून घ्या.