संशय नसतानाही ड्रग टेस्ट, मग प्रायव्हसीचं काय?

प्रश्न : मी अमेरिकेत ट्रक चालवतो, सीडीएल म्हणजे व्यावसायिक वाहन चालवायचं लायसन्स आहे. रँडम ड्रग टेस्टमध्ये माझं नाव आलं. अपघात नाही, तक्रार नाही, कधी नशा केली नाही, तरी कपात लघवी देऊन सिद्ध करा म्हणतात. इथल्या घटनेत प्रायव्हसी आहे ना? नकार देता येईल का? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलंय, ते कंपनीला कळेल का?

उत्तर : पहिलं म्हणजे नकार देऊ नका. तिकडे नकार म्हणजे पॉझिटिव्हसारखाच धरतात, गाडी लगेच हातातून जाते आणि नोंद फेडरल क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग टेस्टच्या सरकारी नोंदवहीत बसते, पुढची कंपनीही ती बघते.

तुम्हाला राग येणं अगदी बरोबर आहे, पण कोर्टात हा वाद बराचसा संपलाय. १९८७ मध्ये मेरीलँडच्या चेस इथे कॉनरेल या मालगाडी कंपनीची इंजिनं सिग्नल ओलांडून अ‍ॅमट्रॅकच्या प्रवासी गाडीपुढे आली, १६ माणसं गेली आणि इंजिनवाल्यांनी गांजा ओढल्याचं निघालं. १९८९ मध्ये स्किनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ७-२ ने सांगितलं की लघवी तपासणं ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीतली, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमातली झडतीच आहे, पण रेल्वेची सुरक्षितता एवढी मोठी की अपघातानंतर वॉरंट किंवा संशय नसला तरी चालेल. न्यायमूर्ती मार्शल आणि ब्रेनन यांनी विरोध केला, आणि माणसं घाबरलेली असतात तेव्हाच हक्क सहज काढून घेतले जातात ही मार्शल यांची भीती मला आजही खरी वाटते. तरी १९९१ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) फेडरल अपील कोर्टाने ट्रकवाल्यांची रँडम टेस्टही मान्य केली. उलट १९९७ मध्ये जॉर्जियातल्या निवडणुकीच्या उमेदवारांची टेस्ट सुप्रीम कोर्टाने रद्द केली, कारण तिथे लोकांच्या जिवाला खरा धोका कुणी दाखवूच शकलं नाही. तुमच्या हातात मात्र ट्रकचं स्टिअरिंग आहे, फरक तिथेच पडतो.

मग तुमची प्रायव्हसी उरते ती टेस्ट कशी घेतात यात, आणि तिथे अजिबात ढिलाई चालवून घेऊ नका. साध्या टेस्टला जाकीट बाहेर काढायला लावतात, खिसे रिकामे करायला लावतात, पण आत तुम्ही एकटे असता, दार बंद. कप बाहेर आणल्यावर ४ मिनिटांच्या आत तापमान बघतात, ते ३२ ते ३८ सेल्सिअसमध्ये हवं. समोर उभं राहून बघणं ठरावीक कारणांसाठीच, म्हणजे तापमान चुकलं किंवा पॉझिटिव्हनंतर कामावर परतायची टेस्ट असली तर, आणि पुरुषाला बघणारा पुरुषच हवा. कारण विचारा, नमुना घेणाऱ्यांना माहीत असेल तर ते सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

गोळीचं म्हणाल तर ऑक्सिकोडोन टेस्टमध्ये दिसतं. मग मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर नावाचा डॉक्टर आधी तुम्हाला फोन करतो, कंपनीला नाही. प्रिस्क्रिप्शन खरं निघालं तर कंपनीकडे निगेटिव्हच जातं. एक पेच आहे, ती गोळी घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे असं त्याला वाटलं तर तो कंपनीला तसं कळवू शकतो, पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांना त्याच्याशी बोलायला कामाचे ५ दिवस मिळतात, तेव्हा डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा. आणि नशा न करताही पॉझिटिव्ह आलंच तर ते पक्कं झाल्याचं रिव्ह्यू ऑफिसरने कळवल्यापासून ७२ तासांत नमुन्याची दुसरी बाटली वेगळ्या लॅबमध्ये तपासायला सांगा, तो अर्ज कंपनीकडे नाही, त्या रिव्ह्यू ऑफिसरकडेच करायचा असतो.