पेटीतलं परिपत्रक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. तास-सव्वा तासाचा आहे, मधे फक्त चहाला उठले. सरकार आणि जगावर राज्य करणारं एक गुप्त मंडळ लसीच्या आडून लोकांना वांझ करून, मारून लोकसंख्या घटवतंय आणि लवकरच सैन्य ताबा घेणार, असं तो सांगतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीचा फोन आला, तेव्हा कळलं की बाळाचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस तुझ्या सांगण्यावरून पुढे ढकललाय. म्हणून तुझ्या शाळेतल्या बाईंचं हे पत्र. फोनवर आपण दोघंही तावातावाने बोललो असतो.

‘सरकार असं कधी करणारच नाही’ असं मी तुला सांगणार नाही. सरकारने ते केलेलं मी माझ्या घरात पाहिलंय. १९७६ साली, आणीबाणीत, मी नववीत होते, वडील प्राथमिक शिक्षक. त्या वर्षी शिक्षकांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘केसेस’. प्रत्येकाला नसबंदीच्या केसेसचा कोटा ठरवून दिला होता. शाळा सुटली की वडील सायकल काढून वाड्यावस्त्यांवर जायचे, अंधार पडल्यावर परत यायचे. दोन महिने पगार अडवला तेव्हा आईने पाटल्या गहाण टाकल्या. शेवटी वडिलांनी ज्या दोन केसेस नेल्या, त्यातला एक साठी उलटलेला विधुर होता. तो कशाला तयार झाला आणि वडिलांनी त्याला कसं नेलं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या माणसाचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे.

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी मी उघडली. तळाशी सायक्लोस्टाइल केलेलं एक परिपत्रक होतं. घड्यांवर फाटलेलं, पण वाचता येतं. वर जावक क्रमांक, तारीख. खाली कोष्टक: नाव, उद्दिष्ट, साध्य, शेरा. वडिलांच्या नावापुढे उद्दिष्ट पाच, साध्य दोन आणि शेऱ्यात ‘खुलासा मागवावा’. खाली सही.

तो कागद तुला दाखवायचा आहे. सरकारने लोकांच्या शरीरावर हात टाकला की काय काय मागे राहतं, ते त्यात दिसतं. लाखो लोकांकडून काम करून घ्यायचं तर आदेश लिहावे लागतात, उद्दिष्टं वाटावी लागतात, हिशोब मागावा लागतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक उघडपणे मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधी नेते तुरुंगात होते, तरी ही गोष्ट लपली का? गावोगाव माहीत होती. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. पुढे आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करायला न्यायमूर्ती शहा आयोग बसला. त्याच्या अहवालात नसबंदीशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आहे. सेन्सॉर असतानाही जे लपलं नाही, ते आता खिशाखिशात कॅमेरा असताना लपलंय, असं तुझा व्हिडिओ म्हणतो. मग त्यातला जावक क्रमांक कुठे आहे? कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या नर्सला काय सांगितलं गेलं? सव्वा तासात असं एकही नाव, एकही कागद आला नाही. मी वही घेऊन बसले होते.

कागदाऐवजी काय आहे, तर बिल गेट्स यांच्या भाषणाचा तुकडा. भाषण खरं आहे, फेब्रुवारी २०१० चं. जगाची लोकसंख्या नऊ अब्जांकडे चाललीय, लसी, आरोग्यसेवा आणि प्रजनन आरोग्य यांत चांगलं काम केलं तर त्यात दहा-पंधरा टक्क्यांची घट होऊ शकते, असं ते म्हणाले. वाक्य तेवढंच उचललं तर अंगावर काटा येतो हे मला मान्य आहे. पण ‘लसीने मूल वाचलं तर लोकसंख्या कमी कशी होईल?’ हा प्रश्न तुला का पडला नाही? उत्तर माझ्याच घरात आहे. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली पाच. किती जगतील याचा भरवसा नव्हता, म्हणून पाळणा हलता ठेवायचा. आईला आम्ही चार, मला दोन, माझ्या मुलीला एक. मुलं जगायला लागली, मुली शिकायला लागल्या, तसे आईबाप स्वतःच थांबायला लागले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २.०. महाराष्ट्रात १.७. त्या भाषणातली घट ती ही, जन्माला न आलेल्यांची. व्हिडिओने ती मारल्या जाणाऱ्यांची करून टाकली.

आणि वांझपणाचं म्हणशील, तर नोव्हेंबर २०१८ आठव. गोवर-रुबेलाची मोहीम आपल्या शाळेत आली होती. तू सातवीत होतास, बाही वर करून रांगेत उभा होतास आणि सुई टोचताना माझा हात धरला होतास. त्या आठवड्यात हाच मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होता: ‘मुली वांझ होणार.’ काही पालकांनी पोरींना घरी ठेवलं, मी दारोदार फिरले. माझ्या दहावीच्या वर्गातल्या ज्या मुलींनी तेव्हा लस घेतली, त्यांतल्या दोघींच्या घरच्या बारशाचा घुगऱ्यांचा प्रसाद मी खाऊन आलेय. मेसेज खोटा ठरला हे सांगायला त्याचा लेखक कुणाकडे आला नाही. शब्द बदलून तोच मेसेज तुझ्यापर्यंत पोचला.

व्हिडिओच्या शेवटी ‘सैन्य ताबा घेणार’ असं जे आहे, त्याचंही असंच आहे. २०१५ साली अमेरिकेत ‘जेड हेल्म’ नावाचा लष्करी सराव होता. टेक्सासमध्ये बोभाटा झाला की हा ताबा घेण्याचा डाव आहे, बंद पडलेल्या वॉलमार्टच्या दुकानांत लोकांना डांबणार. तिथल्या राज्यपालांनी सरावावर नजर ठेवायला स्टेट गार्डला सांगितलं, इतकी भीती पसरली होती. जुलै ते सप्टेंबर सराव झाला, सैनिक परत गेले. निदान तिथे तारीख तरी ठरलेली होती, म्हणून लोकांना पडताळता आलं. तुझ्या व्हिडिओत सगळं ‘लवकरच’ आहे. असं सांगणाऱ्याला मी विचारते: काय घडलं तर तुम्ही ‘माझं चुकलं’ म्हणाल? तूही विचार. याला उत्तर न देणाऱ्याच्या हाती बाळाचा दंड देऊ नकोस.

कारण चुकीची किंमत सांगणारा भरत नाही. नायजेरियातल्या कानो राज्याने २००३ मध्ये पोलिओचे डोस थांबवले, मुली वांझ होतात म्हणून. लोक मूर्ख नव्हते. तिथेच १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी औषधकंपनीने मुलांवर नवं औषध वापरून पाहिलं होतं आणि ती जखम ओली होती. संशयाला जागा होती, पण तो भलत्याच बाटलीवर गेला. साधारण वर्षभराने डोस पुन्हा सुरू झाले, तोवर विषाणू निघून गेला होता. तिथून तो वीसेक देशांत पोचला. २००५ मध्ये इंडोनेशियात ३०० हून अधिक जणांना त्याने पांगळं केलं. कानोतल्या अफवेशी त्या पोरांचा काय संबंध होता सांग.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, काही तासांत. तेरा जणी गेल्या. घाई आणि आकडे, माझ्या वडिलांच्या कोष्टकातलेच दोन रकाने. याचिका न्यायालयात होती, डॉक्टर आणि कार्यकर्ते कागद गोळा करत होते, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असली शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तुझ्यासारख्या संतापलेल्या, हुशार पोरांची तिथे गरज होती. पण बिलासपूरचा एकही व्हिडिओ तुझ्या फोनवर कधी आला नाही, हो ना? जगावर राज्य करणाऱ्या गुप्त मंडळाविरुद्ध कुणाला अर्ज करता येत नाही, म्हणून त्याच्यावर रागावणं सोपं जातं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला दहा रुपये आणि महिनाभराचा धीर लागतो.

तुझा संशय मला हवाय. तू वर्गात ‘बाई, पण का?’ विचारायचास तेव्हा मला किती बरं वाटायचं, ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तोच प्रश्न बाटलीला विचार. आपल्या अंगणवाडीत गुरुवारी लसीकरण असतं. नर्सताईंना बाटली दाखवायला सांग, त्या नाही म्हणणार नाहीत, मी बोलून ठेवलंय. बाटलीवर एका गोलात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लसीला उष्णता बाधलेली नाही. गोलाएवढा गडद झाला असेल तर ती टोचायचीच नाही. बाटली फोडल्याची वेळ विचार, चार तासांनंतर ती टाकून द्यावी लागते. बॅच नंबर वहीत उतरवून घे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं, ते का, तेही विचार. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने लेकरं दगावली, त्यांच्या आयांना हे विचारायची वेळ पुन्हा मिळाली नाही.

मी दहाला अंगणवाडीच्या ओट्यावर असेन. वहिनीला आणि बाळाला घेऊन ये, बाळाचं कार्ड विसरू नकोस. परिपत्रक मी पिशवीत आणते. घडी जपून उघड, मधोमध फाटत चाललंय.

तुझ्या बाई