आधी तो बायोडाटा परत आण

तुझा आतेभाऊ गे आहे, घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्याच्यासाठी तू नागपूरच्या प्राइड मार्चला गेलीस, संविधान चौकात घोषणा दिल्यास. आता तो फोटो स्टेटसवर टाकू का, सासरचे काय म्हणतील, असं विचारतेस. पत्रभर हेच आहे. मध्येच एक ओळ: 'आत्याने सांगितलं म्हणून दादाचा बायोडाटा वधूवर मंडळात मीच नेऊन दिला. तो काही बोलला नाही.'

त्या ओळीवरून माझं मन हलेना.

'लगन झालं की सुधरते पोट्टा,' असं आत्या म्हणतात, हेही तूच लिहिलंस. असं 'सुधरवायचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. डॉक्टरला जे करायची मनाई, ते तुम्ही घरी करायला निघालात, तेही एका परक्या मुलीच्या जिवावर! वर्ध्याची, गोंदियाची, कुणाची तरी बीएड झालेली लेक. बाप कर्ज काढून हॉल बुक करेल आणि ती आपल्यातच काय कमी आहे ते वर्षानुवर्षं शोधत बसेल.

आणि दादा? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार काढली, पण लग्नाचा हक्क ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी लग्न करता येत नाही. जिला ओळखतही नाही तिच्याशी लावून द्यायला अख्खं घर उभं. त्या घरात त्याच्या बाजूची तू एकटी. तुझ्याच हातात तो कागद दिसल्यावर त्याने कुणाच्या भरवशावर 'नाही' म्हणायचं होतं?

आत्यांचं मन दुखेल. दुखू दे.

आज दादाला फोन कर. माफी माग आणि 'नाव काढून घेऊ ना?' एवढं विचार. तो हो म्हणाला की उद्याच मंडळात जा. तिथे कारण सांगू नकोस, ते सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचं; 'स्थळं पाहणं थांबवलंय' म्हण आणि कागद घेऊन ये. मग आत्यांसमोर बसून, सगळे घरात असताना सांग, की हे काम मी करणार नाही आणि पुन्हा कुणी केलं तर गप्प बसणार नाही.

फोटोचं त्यानंतर. सासरच्यांना दिसला तर दिसू दे, पण त्यात आणखी कुणाचे चेहरे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नकोस.